गुरुजींची हजेरी आणि माझी

परवा माझा धाकटा भाऊ सोलापूरहून आला होता. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला, पासष्टी उलटली, पण गप्पांना बसला की सिंगल बेल दिल्याशिवाय थांबत नाही. चहा घेता घेता माझ्या नातीला म्हणाला, "तुला माहीत आहे का, मी वयाच्या चौथ्या महिन्यात शाळेत जायला लागलो. एवढा लहान विद्यार्थी आमच्या शाळेत ना आधी झाला ना नंतर!" नातीला वाटलं, आजोबा थापा मारताहेत. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "नाही गं, खरं आहे ते. मीच त्याला कडेवर घेऊन जात होते."

तो गेला आणि दोन दिवस माझ्या डोक्यात ती शाळाच घोळत राहिली. आमच्या गुरुजींची गोष्ट घरातल्यांनी माझ्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकली असेल. पण आज ती पूर्ण सांगायची आहे. दरवेळी मी अर्धीच सांगते, असं आता जाणवलंय.

आमचं गाव नळदुर्गच्या बाजूचं, बोरी नदीच्या अंगाचं. माझा जन्म १९५१ चा. म्हणजे १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरहून नळदुर्गमार्गे निजामाच्या मुलखात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान शरण आलं, त्यानंतर तीन वर्षांनी. ते दिवस मी पाहिले नाहीत, पण त्याच्या खुणा आमच्या लहानपणी सगळीकडे होत्या. आमच्या आबांना सही करता यायची ती उर्दूत. तहसीलचे जुने कागद उर्दूत. आणि आमचे गुरुजीही उर्दूतून शिकलेले. ते मराठी छान शिकवायचे, पण हिशेबाच्या आकड्यांखाली सवयीने काहीतरी उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि मग हसून पुसून टाकायचे. हजेरी घेताना आम्हाला "हाजिर" म्हणायला लावायचे. पुढे "हजर" म्हणायची पद्धत आली, पण माझ्या कानात अजून "हाजिर"च आहे.

शाळा म्हणजे माळवदाच्या दोन खोल्या. दगडमातीच्या जाड भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात गार, पावसाळ्यात गळकी. गुरुजी एकटेच, चारही वर्ग त्यांच्याकडे. ते आंबेजोगाईकडचे, गावात मारुतीच्या देवळामागे एका खोलीत राहायचे. स्वतःच भाकरी थापायचे. बायामाणसं हसायची, पण सणाला प्रत्येक घरातून त्यांना ताट जायचं.

तर झालं असं की, १९६० सालची सुगी. ज्वारीची काढणी सुरू झाली होती. मी तिसरीत होते आणि हा भाऊ चार महिन्यांचा. माय रानात जायची. लेकराला सांभाळायला घरात मीच. शाळा सुटली. कोणी मला "शाळेत जाऊ नकोस" असं म्हटलं नव्हतं. तशी ती ठरवायची गोष्टच नव्हती. सुगी आली की पोरी घरी राहतात, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आठ दिवसांनी संध्याकाळी गुरुजी दारात उभे! मी घाबरले, चुलीमागे लपले. आबांनी बाज टाकली, घोंगडी अंथरली. गुरुजी बसले, पाणी प्याले आणि मोठ्याने म्हणाले, "आठ दिस झाले, हिचं नाव घेतो तर वर्गातून आवाजच येईना. म्हटलं बघून यावं, पोरगी हाय का गेली पंढरपूरला."

माय म्हणाली, "सुगी हाय गुर्जी. मी रानात जाते. लेकराला कुणी सांभाळावं? आन् वाचता येतंय की तिला आता. पोरीच्या जातीला आनखी काय करायचंय?"

मला वाटलं, आता गुरुजी शिक्षणाचं महत्त्व सांगणार. त्यांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही. म्हणाले, "मग लेकराला बी पाठवा. एकाच्या जागी दोघं येतील. माझा पट वाढंल."

आबा हसले, मायही हसली. आणि दुसऱ्या दिवशी मी पाटी, दप्तर आणि भाऊ असं सगळं घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी आपलं जुनं धोतर धुऊन ठेवलं होतं. त्याची झोळी करून तुळईला बांधली. झोळीला दोरी, दोरीचं टोक गुरुजींच्या हातात. एका हातात छडी, एका हातात दोरी! आम्ही पाढे म्हणायचो ते त्या झोळीच्या झोक्यावर. सतराचा पाढा आला की हा हमखास झोपायचा. पुढे याला सतराचा पाढा कधीच आला नाही, त्याचं कारण आम्ही घरात हेच सांगतो.

आणि हजेरीत माझं नाव झालं की गुरुजी याचंही नाव घ्यायचे. सगळा वर्ग ओरडायचा, "हाजिर!"

सुगी संपेपर्यंत, म्हणजे दीडेक महिना, असं चाललं. त्या दीड महिन्यामुळे मी चौथीत गेले. चौथीनंतर पुन्हा तोच प्रश्न आला, कारण पुढची शाळा दोन मैलांवर. गुरुजी पुन्हा घरी आले. आम्ही तिघी मुली होतो चौथी पास झालेल्या. तिघींच्या घरी गेले. एकटी मुलगी दोन मैल चालत जाणार नाही, पण तिघी मिळून जातील, असा त्यांचा हिशेब. तिसरीच्या घरच्यांनी ऐकलं नाही. तिचं दोन वर्षांत लग्न झालं. आम्ही दोघी गेलो. तिथून मावशीकडे तुळजापूरला राहून १९६८ ला अकरावी मॅट्रिक, मग डी.एड., १९७१ ला प्राथमिक शिक्षिकेची नोकरी, आणि नोकरीत असतानाच बाहेरून मराठवाडा विद्यापीठाची बी.ए. २००९ ला निवृत्त झाले. अडतीस वर्षांची नोकरी, आणि तिच्या मुळाशी एक जुनं धोतर आणि एक दोरी.

इथपर्यंतची गोष्ट मी नेहमी सांगते. ऐकणारे म्हणतात, "कसले शिक्षक होते हो पूर्वीचे! आता कुठे राहिलेत तसे?" मीही मान डोलावते. आणि इथेच गफलत होते. ही गोष्ट पुढेही आहे.

१९९० च्या सुमाराला उस्मानाबादला (आता धाराशिव) एका प्रशिक्षणाच्या जेवणाच्या सुट्टीत एक गृहस्थ भेटले. माझ्याच गावचे, माझ्याच वर्गातले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतून यायचे. आम्ही आत पट्टीवर बसायचो आणि ते दोघं-तिघं दाराजवळ, हे मला आठवत होतं. पण आठवतं असं मी कधी कुणाला म्हटलं नव्हतं. ते पुढे ग्रामसेवक झाले होते. बोलता बोलता मी अर्थातच झोळीची गोष्ट काढली. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, गुरुजी चांगलेच होते. मला कधी मारलंसुद्धा नाही. त्याच सुगीत मी पण गैरहजर होतो, महिनाभर. तुमच्या घरी आले ते. आमच्या वस्तीत नाही आले."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. पण माझ्या हातातला घास हातातच राहिला.

मी घरी येऊन खूप विचार केला. गुरुजी मनाने दुष्ट नव्हते. मारुतीच्या देवळामागे राहायचे, गावातल्या घरांतून त्यांना ताट यायचं. त्या वस्तीत जाऊन बाजेवर बसले असते, पाणी प्याले असते, तर ताटं बंद झाली असती कदाचित. घटनेने अस्पृश्यता १९५० सालीच संपवली होती, तिला गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ ला आला होता, पण आमच्या गावाला ते कळायला फार वेळ लागला. गुरुजींची माया खरी होती. ती जिथपर्यंत गाव जाऊ देई तिथपर्यंत जायची, आणि तिथे थांबायची.

आता माझं स्वतःचं. हे घरातही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

१९७२ चा दुष्काळ. आमच्या पिढीला त्याचं वर्णन करून सांगायला नको. मिलोची लाल ज्वारी, खडी फोडायची कामं, पाझर तलावांची कामं, आणि कामावर मिळणारी सुकडी. मी नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. माझ्या वर्गात एक मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची, हुशार, अक्षर टपोरं. तिचं नाव इथे लिहीत नाही. ती यायची बंद झाली. पंधरा दिवस झाले, महिना झाला. तेवढ्यात वार्षिक तपासणी आली. तपासणीत सरासरी हजेरी बघायचे. पटावर चाळीस आणि समोर बावीस असं दिसलं की शिक्षकाला बोलणी बसायची. जुन्या बाईंनी मला युक्ती सांगितली, "सतत गैरहजर लिहायचं आणि नाव कमी करायचं. पट लहान, सरासरी मोठी."

मी नावं कमी केली. सहा नावं. त्यात तिचंही.

एका रेघेचं काम. तांबड्या शाईने मारली. तपासणी चांगली झाली. साहेबांनी शेरा चांगला दिला.

पुढे कितीतरी वर्षांनी, नवरात्रात तुळजापूरच्या एस.टी. स्टँडवर एक बाई माझ्यासमोर उभी राहिली. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं. "बाई, वळखलं का?" मला ओळखू येईना. तिने नाव सांगितलं आणि मला तो टपोरा "क" दिसला डोळ्यासमोर. मी म्हटलं, "अगं, तू शाळा का सोडलीस?"

ती म्हणाली, "म्या कुठं सोडली? खडीवर माय काम करायची, मी भावाला सांभाळायची. पाऊस पडला तशी परत आले की शाळंत. तुमीच म्हणलाव, तुझं नाव न्हाई पटावर. मग मला वाटलं नाव गेलं म्हंजी गेलं."

मला आठवत नाही. अगदी खरं सांगते, तिला मी असं म्हणाल्याचं मला आजही आठवत नाही. माझ्यासाठी ते इतकं किरकोळ होतं. बस लागली आणि ती गेली. तीही भावाला सांभाळत होती. मीही भावाला सांभाळत होते. फरक एवढाच की माझ्या दारात आठव्या दिवशी एक माणूस आला होता, आणि तिच्या दारात मी गेले नाही. आणि मी तर झोळीतून मोठी झालेली!

मग मी का गेले नाही? मला खूप वेळा वाटलं की मी गुरुजींपेक्षा वाईट माणूस आहे, संपला विषय. पण वय झालं की माणूस स्वतःलाही थोडं नीट बघायला लागतो. गुरुजी गावात राहायचे. संध्याकाळी हिंडायला निघाले तरी सगळी घरं दिसायची. मी दुसऱ्या गावाहून यायचे. लग्न झाल्यावर तर वीस वर्षं तुळजापूरहून अप-डाऊन केलं. साडेपाचची गाडी चुकली की रात्र. घरी दोन मुलं, सासूबाई. घंटा झाली की माझे पाय गावात वळायचेच नाहीत, ते स्टँडकडे वळायचे. माया माझ्यातही असेल, पण तिला वेळ नव्हता. आणि ज्या मायेला वेळ नाही ती मुलापर्यंत पोचत नाही, हे मी अडतीस वर्षांत शिकले.

हजेरी म्हणजे काय, ते मला पुरतं कळलं १९९३ ला. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आमच्या शाळेसारखीच दगडमातीची घरं, आणि वर तेच जड माळवद. हजारो माणसं गेली. सास्तूरकडे नोकरीला असलेल्या एका सहकाऱ्याने मला सांगितलं होतं, पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी जुना हजेरीपट उघडला, आणि तिसऱ्या नावाला थांबले. पुढचं नाव घ्यायची हिंमत होईना. मग त्यांनी पट मिटला, उठून एकेका मुलाजवळ गेले, डोक्यावर हात ठेवून "तू आहेस ना?" एवढंच विचारलं. तो माणूस मला गुरुजींच्या जवळचा वाटतो. हजेरी घेणं म्हणजे सरासरी काढणं नव्हे. मूल आहे का, आणि नसेल तर कुठे आहे, हे विचारणं.

आपल्या भागाला याचा वारसा नाही असं नाही. आता लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या राज्यात, जिथे वरचं शिक्षण उर्दूतून, तिथे मराठीतून शिकवणारी. तिथले एक शिक्षक म्हणजे व्यंकटेश खेडगीकर, ज्यांनी १९३२ ला संन्यास घेतला आणि जे स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तीच्या लढ्याचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो, १७ सप्टेंबरला फोटोला हार घालतो. पण ते आधी मास्तर होते, हे मला जास्त जवळचं वाटतं. हिप्परग्यात आणि नंतर आंबेजोगाईला ते मुलांबरोबर राहिले. तिकडे खानदेशात अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कुलात होते. छात्रालयातल्या मुलांच्या चादरी घडी कर, कपडे धू, असं त्यांचं चाललेलं असायचं. दोघांच्यात एक गोष्ट सारखी. ते मुलांच्या अंगणात, मुलांच्या हाकेच्या अंतरावर राहत होते.

म्हणून "पूर्वीचे शिक्षक देवमाणसं होती, आताचे पगारापुरते आहेत" हे जे आपण लग्नाकार्यात सहज बोलून जातो ना, ते मला पटत नाही. पूर्वीचे सगळे तसे नव्हते. माझ्या गुरुजींचीही एक हद्द होती. मी स्वतः तर काय होते ते वर लिहिलंच. आणि आताचे सगळे तसे नाहीत.

माझी भाचेसून कळंब तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. दिवाळी झाली की तिच्या शाळेतली निम्मी घरं कुलूपबंद. माणसं ऊसतोडीला गेलेली, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येणार. काही मुलं गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीकडे, पण लहानग्याला सांभाळायला म्हणून मोठ्या बहिणीला हमखास घेऊन जातात. साठ वर्षं झाली तरी तेच! तिने एक साधी वही केली आहे. कोणतं मूल कोणत्या कारखान्यावर गेलं, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय. शनिवारी शाळा सुटली की ती मुकादमांना फोन लावत बसते. "त्या पोरीला द्या जरा फोन. काय गं, वाचतेस का? जवळच्या शाळेत बसवलं का तुला?" स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड द्यायची पद्धत आहे, त्या कार्डावर जाईल तिथल्या शाळेत बसता येतं. पण कार्ड दिलं म्हणून मूल आपोआप शाळेत बसत नाही. कुणीतरी फोन लावावा लागतो.

मी तिला म्हटलं, "तू आमच्या गुरुजींची नात शोभतेस." तर ती काय म्हणाली ऐका. "मावशी, कौतुक नको. मला वेळ द्या. सरलची माहिती भरा, यू-डायस भरा, पोषण आहाराचे आकडे रोज पाठवा, फोटो अपलोड करा, हे सर्वेक्षण, ते सर्वेक्षण. माझी वही कुणी बघत नाही, त्याला रकाना नाही. उद्या मी फोन बंद केले तर मला कुणी विचारणार नाही. पण एक आकडा उशिरा गेला तर संध्याकाळी ग्रुपवर नाव येतं."

ती अगदी बरोबर बोलली. माझ्या वेळी तांबड्या रेघेची तपासणी व्हायची, आता आकड्यांची होते. पटावरचं नाव का गेलं, हे तेव्हाही कुणी विचारत नव्हतं.

आता माझं मत. शिक्षिका आहे, त्यामुळे मुद्दे घालूनच सांगते, राग मानू नका.

एक. माया ही शिक्षकाच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही. मर्जीवर सोडली की ती एका गल्लीत जाते आणि दुसऱ्या वस्तीत जात नाही. म्हणून कायदा हवाच. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचा तो हक्क आहे, शाळेत दाखल मुलाला काढून टाकता येत नाही. मी १९७३ ला जी रेघ मारली ती आज मारता येणार नाही. माझ्या वर्गमित्राच्या वस्तीत गुरुजी पोचले नाहीत, पण दुपारची खिचडी, पाठ्यपुस्तकं आणि हा कायदा पोचला. हे फार मोठं आहे. जुन्या दिवसांच्या आठवणीत आपण याला कमी लेखतो.

दोन. पण कायदा चालत मुलाच्या दारात जात नाही. त्यासाठी माणूस लागतो आणि माणसाला वेळ लागतो. याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला जुंपू नये. मग माहिती भरायला प्रत्येक केंद्रशाळेला एक लिपिक द्या आणि शिक्षकाला आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा द्या, गृहभेटींसाठी. गैरहजर मुलाच्या घरी जाणं हे उपकार म्हणून नको, शिकवण्याइतकंच काम म्हणून त्याची नोंद व्हावी. आणि त्या नोंदीत आधी गावकुसाबाहेरची, पालावरची, तोडीवरची मुलं असावीत.

तीन. शाळा मुलांच्या घराजवळच राहू द्या. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार पुढे आला होता, तेव्हा मला आमचे ते दोन मैल आठवले. मोठ्या शाळेत मैदान असेल, प्रयोगशाळा असेल, हे मान्य. दोन शिक्षकांवर चार वर्ग टाकणं बरोबर नाही, हेही मान्य. पण गाडी येईल म्हणून ज्यांनी सांगितलं त्यांनी सुगीतल्या घरातली आठ वर्षांची मुलगी पाहिलेली नाही. ती गाडीत बसायला येतच नाही. शिक्षक दुसऱ्या गावात असला तर ती आली नाही हे त्याला दिसतं, पण का आली नाही हे दिसत नाही.

चार. हे माझ्या शिक्षक भावाबहिणींना आवडणार नाही. मुख्यालयी राहायचा नियम कागदावर असतो आणि आपण अप-डाऊन करतो. मीही केलं, वीस वर्षं. सक्ती करून कुणी गावात रमत नाही, आणि बाईमाणसाला खेड्यात राहायला धड खोली मिळत नाही, हे मला माहीत आहे. शासनाने आधी राहण्याजोगी घरं बांधावीत. पण तोवर निदान महिन्यातून एकदा शेवटची गाडी चुकवावी आणि गावात एक चक्कर मारावी. मी ती चुकवायला हवी होती, असं आता वाटतं.

कुणी म्हणेल, आता फोन आहेत, सी.सी.टी.व्ही. आहेत, ऑनलाइन हजेरी आहे, तुमची झोळी कुठे घेऊन बसलात? बरोबर आहे. झोळी मलाही नको आहे. आठ वर्षांच्या मुलीने भावाला सांभाळावंच लागू नये, त्यासाठी अंगणवाडी आहे, ती नीट चालावी. मला हवा आहे तो आठवा दिवस. मूल आलं नाही म्हणून आठव्या दिवशी कुणाला तरी चैन पडू नये, आणि त्याला निघायला वेळ असावा.

गुरुजी पुढे बदलून गेले. मी नोकरीला लागले हे त्यांना कळवायचं राहून गेलं. ते कधी वारले तेही मला उशिरा समजलं. त्यांच्याबद्दल मला आजही तेवढीच माया आहे. त्या दुसऱ्या वस्तीची गोष्ट कळली म्हणून ती कमी झाली नाही. फक्त आता गुरुजी आठवले की मागोमाग तो वर्गमित्र आठवतो, आणि ती टपोऱ्या अक्षराची मुलगीही. तिघं एकत्रच येतात.

भाऊ परवा निघताना नातीला म्हणाला, "बघ, माझं नाव घेतलं की अख्खा वर्ग ओरडायचा." नातीने लगेच त्याचं नाव घेतलं आणि आम्ही दोघं म्हातारे दारात उभे राहून ओरडलो, "हाजिर!" शेजारच्या वहिनी बघायला बाहेर आल्या.

असो. आपल्यातले बरेचजण निवृत्त शिक्षक आहेत. आपल्या लाडक्या गुरुजींबद्दल, बाईंबद्दल आपण सगळेच लिहितो, लिहायलाच हवं. पण एकदा आपल्या पटावरून गेलेल्या एखाद्या नावाबद्दलही लिहा. लिहिणं जमलं नाही तर निदान आठवून बघा. मला सहापैकी एकच आठवलं.